सादियातवरची एक रात्र: हॉटेल बघण्याआधी घड्याळ बघा

ज्यांना मेट्रोत इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. 'आई-बाबा व्हिजिट व्हिसावर येतायत, एक रात्र समुद्रावरच्या चांगल्या हॉटेलात न्यायचंय, कुठलं घेऊ?' मी प्रश्न जरा बदलते. कुठलं हॉटेल हे नंतर बघू. आधी विचारा, कुठले तास? कारण मी हे एकदा सपशेल चुकवलंय, आणि ते मला दोन वर्षं डाचत होतं.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा दुबईला आले. कराडची माणसं. बाबा निवृत्त, आई आयुष्यभर घर आणि शिवण. मी ठरवलं की यांना अबू धाबीतल्या सादियात बेटावर न्यायचं. सादियात म्हणजे अरबीत आनंदाशी नातं सांगणारं नाव. शहराला पुलांनी जोडलेलं बेट, सुमारे ९ किलोमीटरचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि त्यावर ओळीने मोठी हॉटेलं. डिसेंबर महिना, शनिवारची रात्र, ॲपवर दर ९०० दिरहम. मी डोळे मिटून बुक केलं. नॉन-रिफंडेबल, कारण ते स्वस्त होतं.

आता हिशेब ऐका. चेक-इन दुपारी ३ ला, चेक-आउट दुसऱ्या दिवशी १२ ला. म्हणजे २१ तास. डिसेंबरात अबू धाबीत सूर्य साडेपाचनंतर लगेच मावळतो आणि सकाळी सातच्या आसपास उगवतो. म्हणजे संध्याकाळचे अडीच तास आणि सकाळचे पाच. आपण पैसे देतो २१ तासांचे, पण समुद्र दिसतो तो साडेसात तास. त्या साडेसातातून नाश्ता, अंघोळ आणि बॅगा भरणं वजा करा. आम्ही तर साडेतीनला पोचलो, खोली मिळाली साडेचारला, आणि आई किनाऱ्यावर पोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकला होता.

हॉटेलचं नाव सांगणार नाही, चूक त्यांची नव्हतीच. मी काही विचारलंच नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पंजाबी ड्रेसवर पूलमध्ये उतरायला गेली. लाइफगार्डने अगदी नम्रपणे थांबवलं, सुती कपड्यांत उतरता येत नाही म्हणाला. आई हसली, 'राहू दे, मला कुठं पोहता येतंय,' म्हणाली आणि खुर्चीवर बसून राहिली. बाबांनी चेक-आउटला बिल बघितलं, मनात चोवीसने गुणलं आणि गाडीत म्हणाले, 'एवढ्यात विहिरीवर नवी मोटर बसली असती.' चिडून नाही, सहज. पण मला ते लागलं.

यंदा ते परत आले. या वेळी मी कशी तयारी केली, तेच आज सांगते.

पहिली गोष्ट, वार. १ जानेवारी २०२२ पासून यूएईत शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे शुक्रवार आणि शनिवार या दोन रात्री महाग. रविवारची रात्र घेतली की दर उतरतो आणि लिफ्टमध्ये गर्दीही नसते. सोमवारची एक रजा टाकावी लागते, एवढंच. मात्र ईद, २-३ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन आणि यास बेटावरच्या फॉर्म्युला वन शर्यतीचा आठवडा टाळा. शर्यत शेजारच्या बेटावर असली तरी दर सादियातवरही चढतात. रमजानमध्ये खोल्या बऱ्याचदा स्वस्त मिळतात. पण तेव्हा तिथलं वातावरण शांत असतं आणि जेवणाच्या वेळा बदललेल्या असतात, हे धरून चाला.

रविवार-सोमवारात एक मेख आहे, ती नोट करून ठेवा. सादियातवरचं लूव्र अबू धाबी सोमवारी बंद असतं. अबू मुरैखातलं बीएपीएसचं हिंदू मंदिरही सोमवारी बंद. दुबईहून येणारे बहुतेक आई-बाबा या दोन गोष्टी हमखास मागतात. तेव्हा दोन्ही रविवारी, चेक-इनच्या आधी. मंदिराची नोंदणी ऑनलाइन करून ठेवा. आम्ही सकाळी मंदिर केलं आणि तिथून लूव्र. खरं सांगायचं तर लूव्रमधल्या वस्तूंपेक्षा बाबा छताखाली जास्त रमले. जाँ नूव्हेल यांनी बांधलेला तो घुमट १८० मीटर व्यासाचा आहे. धातूच्या नक्षीचे आठ थर एकमेकांवर बसवलेत आणि त्यांतून उन्हाचे कवडसे खाली पडतात. बाबा म्हणाले, 'आपल्या जुन्या घराच्या कौलांतून असंच ऊन यायचं.' २०१७ साली उघडलेल्या त्या इमारतीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

आता महिना. आखात उथळ आहे, सरासरी खोली साधारण ३५ मीटर. त्यामुळे ते लवकर तापतं आणि लवकर गार होतं. ऑगस्टात पाणी ३३-३४ अंशांपर्यंत जातं, म्हणजे अंघोळीच्या पाण्यासारखं. जानेवारीत ते विशीच्या आसपास येतं आणि पन्नाशीतल्या माणसाला हुडहुडी भरते. म्हणून ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. उन्हाळ्यातल्या ऑफर बघून भुलू नका. ती ऑफर खोलीच्या एसीची असते, समुद्राची नव्हे. लहान मुलं असतील आणि तुम्ही पूलमध्येच दिवस काढणार असाल तर ठीक, पूलचं पाणी बरीच हॉटेलं गार करून ठेवतात.

आणि वारा! सादियातचा किनारा वायव्येकडे, उघड्या आखाताकडे तोंड करून आहे. त्यामुळे सूर्यास्त समोर पाण्यात दिसतो, पण वायव्येकडून येणारा शमाल वारा सुटला की लाटाही थेट अंगावर येतात. अशा दिवशी लाल झेंडा लागतो आणि पाण्यात उतरू देत नाहीत. दुबईच्या पाम जुमेराच्या आतल्या बाजूला पाणी तळ्यासारखं असतं, तसं इथे नाही. म्हणून मी आता फ्री कॅन्सलेशनचाच दर घेते, थोडा महाग पडला तरी. दोन-तीन दिवस आधी वाऱ्याचा अंदाज बघायचा आणि मग ठरवायचं. कॅन्सल करायची शेवटची तारीख आणि वेळ मात्र फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, ती कुणी आठवण करून देत नाही.

पैशांचं आता स्पष्ट बोलू. ॲपवर दिसणाऱ्या आकड्याखाली 'टॅक्स आणि फी वेगळे' असं लिहिलेलं असतं. त्यात सर्व्हिस चार्ज येतो, बहुधा १० टक्के. मग पर्यटन आणि पालिकेची फी, आणि ५ टक्के व्हॅट. माझे ९०० दिरहम तेव्हा ११०० च्या पुढे गेले होते. तुलना करताना शेवटच्या पानावरचा आकडाच धरा. यूएईत राहणाऱ्यांसाठी वेगळा रेसिडेंट दर असतो, त्यासाठी एमिरेट्स आयडी लागतो. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर तो असतो, ॲपवर असेलच असं नाही. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत सोबत ठेवा, रिसेप्शनवर प्रत्येक मोठ्या माणसाची ओळख मागतात.

एक गोष्ट नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी. चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ती फक्त लिमिट अडते. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडतात आणि सुटायला कितीतरी दिवस लागू शकतात. महिनाअखेरीला हे भारी पडतं. मला पडलंय.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबांच्या हातात मेन्यू जाऊ देऊ नका.

हसू नका. पहिल्या वेळी आईने रात्री फक्त सूप घेतलं, कारण मेन्यूत आकडे होते. ७० दिरहमचं सँडविच तिला १७०० रुपयांचं दिसतं, आणि मग ते घशाखाली उतरत नाही. म्हणून या वेळी हाफ बोर्ड घेतलं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण आधीच भरलेलं, दोन्ही वेळा बुफे. 'पैसे गेलेच आहेत, खाल्लं नाही तर वाया जातील,' एवढं वाक्य पुरलं. बाबांनी तीनदा वाढून घेतलं. हाफ बोर्डात रात्रीच्या जेवणासोबतची पेयं, कधी कधी पाण्याची बाटलीसुद्धा, धरलेली नसते. ते विचारून घ्या. ज्यांना सगळंच आत हवंय त्यांच्यासाठी सादियातवर रिक्सोस हे ऑल-इन्क्लुझिव्ह आहे. पण तिथे दिवसभर राहून, खाऊन-पिऊनच पैसे वसूल होतात. बाबांसारखा साडेनऊला झोपणारा माणूस असेल तर गणित जमत नाही. बाकी सेंट रेजिस, पार्क हयात, जुमेरा, रोटाना ही सगळी त्याच किनाऱ्यावर आहेत. वाळू सगळ्यांची तीच. फरक पडतो तो खोलीपासून पाण्यापर्यंत किती चालावं लागतं यात. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी बुक करण्याआधी फोन करून तेवढंच विचारलं. तळमजल्यावरची खोली मिळाली, सी व्ह्यू नसलेली. स्वस्तही पडली. सी व्ह्यू ज्यांना खोलीत बसायचंय त्यांच्यासाठी.

तास कसे वाढवायचे? फोनवर दोन प्रश्न विचारा. 'खोली तयार नसली तरी लवकर येऊन बीच वापरता येईल का?' आणि 'चेक-आउटनंतर थांबता येईल का, कपडे बदलायला जागा आहे का?' बरीच हॉटेलं दोन्हीला हो म्हणतात, पण ते साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. आम्ही लूव्र उरकून पावणेदोनलाच पोचलो, बॅगा रिसेप्शनवर टाकल्या आणि थेट वाळूत. सोमवारी बारानंतरही चारपर्यंत थांबलो. साडेसातचे तास असे बाराच्या वर गेले, जास्तीचा एक दिरहम न देता.

कपड्यांचं मी दुबईतच उरकलं होतं. पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोहण्याचा पोशाख इथे कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात मिळतो. तो घातलेल्या बायका आखातातल्या प्रत्येक पूलवर दिसतात, कुणी वळूनही बघत नाही. आईने घरी आरशात बघितलं आणि म्हणाली, 'अगं, ही तर तुझ्या बाबांच्या थर्मलसारखी दिसतीय.' पण घातला.

किनाऱ्यावर जाताना वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी पूल जातो. त्यावरूनच चाला, टेकड्या तुडवू नका. सादियातवर हॉक्सबिल कासवं अंडी घालायला येतात, आणि ही जात जगभरात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. विणीच्या हंगामात रात्री टॉर्च मारत फिरू नका आणि खणलेले खड्डे बुजवून या. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यांना समुद्र कुठे आणि तुमचा फोन कुठे हे कळत नाही.

सोमवारी सकाळी सातला आम्ही तिघं पाण्यात होतो. झेंडा हिरवा, लाटा जेमतेम घोट्याएवढ्या. आईने आधी माझा हात धरला, मग बाबांचा, मग दोघांचाही सोडला. कमरेएवढ्या पाण्यात ती पाऊण तास उभी होती. मध्येच एक लाट तोंडावर आली आणि ती थुंकत म्हणाली, 'गणपतीपुळ्याचं पाणी एवढं खारट नव्हतं गं!'

आई बरोबर होती. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आखातात ते ४० च्या वर जातात. उन्हाने पाणी भराभर उडतं, गोडं पाणी आणणाऱ्या नद्या थोड्या, आणि बाहेरच्या समुद्राशी जोडणारी वाट होर्मुझची, तीही अरुंद. मी हे सगळं तिथेच उभं राहून समजावत होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आणि हे किती वाजेपर्यंत आपलं आहे?'

मी सांगितलं, चार.

'मग बस की,' म्हणाले, आणि पाण्यातच बसले.