शेजारच्या खंडातील ग्रंथी ठरवते कर्करोगाचा टप्पा. फुप्फुसातील लसिकामार्गांचे गणित

दुर्ग, 4 फेब्रुवारी : सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. हाच दिवस आता जागतिक कर्करोग दिन म्हणून पाळला जातो. दुर्ग-भिलाईसारख्या औद्योगिक पट्ट्यासाठी हा योग विचार करायला लावणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोक निर्मिती आणि लोखंड-पोलाद ओतकाम या व्यवसायांतील संसर्गाला कर्ककारक ठरवले असून, त्याचा मुख्य संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी आहे. धूम्रपान हे मात्र या आजाराचे आजही सर्वांत मोठे कारण आहे.

हा आजार कुठवर पोहोचला, याचे उत्तर बहुधा लसिका ग्रंथींत सापडते. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. प्रत्येक खंडात सूक्ष्म लसिकावाहिन्यांचे जाळे असते. त्यांतील द्रव श्वासनलिकांच्या कडेने फुप्फुसाच्या मुळाकडे वाहतो व वाटेतील ग्रंथींत गाळला जातो. गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी याच प्रवाहाबरोबर जाऊन ग्रंथींत अडकतात आणि तेथे वाढू लागतात.

मग शेजारच्या खंडात रोग कसा शिरतो? खंड फटींनी वेगळे झालेले दिसत असले, तरी त्यांचे लसिकामार्ग एकत्र मिळतात. शल्यविशारद जेम्स बोरी यांनी 1952 मध्ये दाखवून दिले की, खंडांच्या श्वासनलिकांमधील कोनात ग्रंथींचा एक समूह असतो आणि त्या बाजूच्या सर्व खंडांची लसिका त्यात येते. अनेक ओहोळ एका डोहात मिळावेत, तशी ही रचना आहे. गाठीने फट ओलांडली, तर शेजारच्या खंडाच्या वाहिन्या तिला थेट खुल्या होतात. पुढच्या ग्रंथी कर्कपेशींनी तुंबल्या, तर प्रवाह उलट दिशेनेही वळू शकतो.

त्याच फुप्फुसातील किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी बाधित असल्यास त्यास ‘एन-1’ म्हणतात. दोन फुप्फुसांच्या मधल्या पोकळीतील त्याच बाजूच्या, तसेच श्वासनलिका दुभंगते त्या जागेखालील ग्रंथी ‘एन-2’मध्ये, तर विरुद्ध बाजूच्या किंवा गळपट्टीच्या हाडावरील ग्रंथी ‘एन-3’मध्ये मोडतात. रोग नेहमी याच क्रमाने सरकतो असे नाही. कधी कधी तो पहिली पायरी ओलांडून थेट मधल्या पोकळीत पोहोचतो.

रुग्णाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक असतो. लहान गाठ एका खंडापुरती असेल, तर तो खंड काढून आजार बरा होण्याची शक्यता चांगली असते. खंडांमधील एक ग्रंथी बाधित निघाली, तरी रोग पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जातो आणि शस्त्रक्रियेला औषधोपचारांची जोड द्यावी लागते. ग्रंथी श्वासनलिकेला किंवा रक्तवाहिनीला चिकटलेली असेल, तर दोन खंड, क्वचित संपूर्ण फुप्फुस काढावे लागते. ‘एन-3’मध्ये मात्र सहसा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार व औषधांवर भर असतो.

निदानातील खरी अडचण क्षयरोगाची आहे. क्षयानेही या ग्रंथी सुजतात आणि पेट-सीटी तपासणीत उजळ दिसतात. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त ही लक्षणेही दोन्ही आजारांत सारखीच. उलटपक्षी, सीटी स्कॅनमध्ये सामान्य आकाराच्या दिसणाऱ्या ग्रंथीतही कर्कपेशी दडलेल्या असू शकतात. म्हणून केवळ प्रतिमेवर विसंबून न राहता, श्वासनलिकेत दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने ग्रंथीतील पेशी काढून तपासल्या जातात.

दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला किंवा थुंकीतून रक्त येणे, यांकडे दुर्लक्ष करू नये. क्षयाचे औषध सुरू असूनही प्रकृती सुधारत नसेल, तर फेरतपासणी करून घ्यावी. धूळ व धुरात काम केलेल्यांनी निवृत्तीनंतरही डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे. कारण अशा संसर्गाचा परिणाम अनेक वर्षांनी प्रकट होऊ शकतो.