मिडी इंटरफेस कोणता घ्यायचा, आणि घ्यायचाच का?

कनेरगाव नाक्यावर या विषयावर बोलायचं तर माझी एक सोय होते. मिडी इंटरफेस म्हणजे काय, हे इथं एका शब्दात सांगता येतं. नाका! (हशा) इकडं हिंगोली, तिकडं वाशिम. तसं इकडं वाद्य आणि तिकडं कॉम्प्युटर. नाका माल पिकवत नाही, खराब माल सुधारतही नाही. आलेली गाडी न अडवता, न हरवता पलीकडं सोडायची, एवढंच त्याचं काम.

आता या गाडीत असतं काय? आवाज नसतो. हे नीट ऐका, कारण लोकांचे पैसे इथंच जातात. मिडीच्या तारेतून फक्त निरोप जातो: अमुक नंबरचा सूर, इतक्या जोरानं, दाबला. थोड्या वेळानं दुसरा निरोप: सोडला. पेटी कशी वाजवायची ते सांगणारी चिठ्ठी म्हणा. पेटी काही त्या चिठ्ठीत नसते. आवाज तयार होतो कॉम्प्युटरमध्ये आणि चांगला बाहेर काढायचा तर ऑडिओ इंटरफेस लागतो. तो डबा वेगळा. दुकानात दोन्हीला इंटरफेसच म्हणतात, आणि सोयाबीनचे पैसे हातात आलेलं पोरगं भलताच डबा घेऊन घरी येतं. माईक लावून गाणं रेकॉर्ड करायचंय? मग ऑडिओ इंटरफेस. त्यातल्या काहींना मिडीची भोकंही असतात. तसा घेतला तर मिडीचा वेगळा डबा लागतच नाही.

म्हणून खरेदीला जायच्या आधी आपलं वाद्य फिरवून त्याच्या मागं बघा. 'यूएसबी टू होस्ट' असं लिहिलेलं चौकोनी भोक दिसलं, तर बहुतेक वेळा प्रिंटरची साधी केबल लावली की काम भागतं. खरा प्रश्न येतो तो फक्त पाच पिनांची गोल भोकं असलेल्या वाद्यांचा. जुने कीबोर्ड तसेच. आपल्याकडं ऑर्केस्ट्राच्या आणि भीमगीतांच्या स्टेजवर वर्षानुवर्षं मार खाणारा रोलँडचा जुना एसपीडी-२० ऑक्टोपॅडही तसाच. त्याला यूएसबी नाही. नाका लागतो तो यांच्यासाठी.

ही पाच पिनांची पद्धत १९८३ची. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले, रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात पुढाकार. त्या वर्षीच्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर जोडून दाखवले, एकावर दाबलं की दुसरा वाजला. वेग ठरवला सेकंदाला ३१,२५० बिट. आजच्या हिशेबानं बैलगाडी. पण एक सूर दाबल्याचा निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहाही बोटं एकदम ठेवली तरी शेवटचा निरोप दहा मिलिसेकंदांच्या आत हजर.

मग "पॅडवर मारतो आत्ता आणि ऐकू येतं नंतर" ही तक्रार कुठून येते? नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या बघण्यात, मिडीचा त्यात दोष नसतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची सेटिंग असते. ती १०२४ सॅम्पलवर असेल तर तेवढ्यानंच सुमारे २३ मिलिसेकंद जातात. हवेतला आवाज तेवढ्या वेळात आठ मीटर चालतो. म्हणजे ढोलकी तुमच्या मांडीवर, पण ऐकू येते अंगणाच्या पलीकडून! तीच सेटिंग १२८ वर आणा, तीन मिलिसेकंद होतात. कॉम्प्युटर जुना असेल तर आवाज तुटेल, मग २५६ करून बघा. याला एक रुपया लागत नाही. हे न करता महागडा मिडी इंटरफेस घेणारे लोक मी पाहिलेत.

स्वस्तातला घेऊन फसलेला मी स्वतः आहे. बाजारात बिननावाची केबल मिळते, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना, मधे एक छोटी डबी. मी घेतली. एकेक सूर वाजवला की झकास. भजनाच्या रेकॉर्डिंगला दोन्ही हात चालायला लागले आणि एक सूर जो धरून बसला तो सुटेचना! 'सोडला' हा निरोप डबीनं वाटेतच हरवला होता. पखवाजवाले बुवा माझ्याकडं बघतायत, मी कॉम्प्युटरकडं. (हशा) तेव्हा दुकानातच दोन्ही पंजांनी भराभर वाजवून बघा. लाजू नका.

दुसरी गोष्ट, वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारा घ्या. त्याला 'क्लास कम्प्लायंट' म्हणतात. कंपनीनं ड्रायव्हर काढणं बंद केलं आणि विंडोज बदललं की बाकीचे चांगले डबे कपाटात जातात. भोकं किती? एकच वाद्य असेल तर एक इन, एक आऊट पुरे. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड एकाच वेळी घ्यायचे तर दोन-दोन. आठ-आठवाला स्टुडिओसाठी.

(श्रोत्यांतून प्रश्न: यूएसबी लावली की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, त्याचं काय?)

चांगलं विचारलंत. आपल्याकडं अर्थिंगची काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. यूएसबीनं कीबोर्ड आणि लॅपटॉप यांची ग्राउंडची तार एक होते. दोघांचाही आवाज एकाच मिक्सरला गेला की फेरा पूर्ण होतो आणि स्पीकर घुमतो. पाच पिनांच्या मिडीत घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो. आत एक दिवा लुकलुकतो, समोर त्याला बघणारा भाग. निरोप उजेडानं जातो, वीज पलीकडं जातच नाही. त्यामुळं कीबोर्डला दोन्ही भोकं असतील आणि घूं थांबत नसेल, तर गोल भोकातून जोडून बघा. मात्र स्वस्त डबीत हा ऑप्टोकपलरच गाळलेला असू शकतो. वाद्याच्या 'आऊट'मध्ये जाणारी पिन घ्या. मधल्या काडीच्या लगतच्या दोन काड्या आणि यूएसबीचं धातूचं कवच यांच्यात मल्टिमीटरनं रेझिस्टन्स बघा. काहीतरी आकडा दिसला तर ती केबल परत करा. आणि हो, काही केबलींवर 'इन' लिहिलेली पिन वाद्याच्या 'आऊट'मध्ये जाते, काहींवर उलटं. काहीच वाजलं नाही तर दुकानदाराला फोन लावायच्या आधी दोन्ही अदलाबदल करून बघा.