सायकल दिली, कॉटर कुठाय?

मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मागच्या भिंतीला अकरा सायकली टेकवून ठेवलेल्या मी पाहिल्या. सगळ्या मुलींच्या. तीन-चार किलोमीटरवरच्या वस्त्यांवरून येणाऱ्या या मुली पुन्हा पायी यायला लागल्या होत्या आणि सायकली तिथंच गंजत होत्या. मी एकेक सायकल हलवून, चाक फिरवून पाहिली. चौघींच्या वॉलट्यूब कुजल्या होत्या. हवा धरून ठेवणारी ती बोटाच्या पेराएवढी रबरी नळी. तिघींचं कॉटर सैल, दोघींची चेन तुटलेली. एकीच्या मागच्या चाकाच्या पाच तारा गेलेल्या आणि एकीचं डावं पॅडल गळून पडलेलं. एकाही सायकलीची फ्रेम मोडलेली नव्हती, एकही रिम चेपलेली नव्हती. अकराच्या अकरा सायकली किरकोळ सामानावाचून पडून होत्या.

गावात सायकलचं दुकान होतं, ते आता मोटारसायकलींची पंक्चर काढतं. तालुक्याला न्यायची तर जीपच्या टपावर टाका आणि एका दिवसाची मजुरी बुडवा. चार-दोन रुपयांच्या रबरासाठी कुठला बाप एवढं करील?

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. शिक्षणावर सरकार करतं त्या खर्चातला हा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे, असं मी मनापासून मानते. त्याला आधारही आहे. बिहारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला.

पुढं निशीथ प्रकाश यांनी सहकाऱ्यांबरोबर आफ्रिकेतल्या झांबियातही असाच अभ्यास केला. तिथं सायकल मिळालेल्या मुलींची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली. मला त्या आकड्यापेक्षा तिथल्या योजनेची बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था २००५ मध्ये, त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटण्यासाठी उभी राहिली आणि मग झांबियात गेली. सायकलीबरोबर गावातल्याच माणसाला दुरुस्तीचं शिक्षण द्यायचं, त्याच्या हातात हत्यारांची पेटी द्यायची, सुटे भाग मिळतील अशी सोय लावायची आणि शाळेत देखरेखीची समिती नेमायची, अशी ही पद्धत. आपण सायकल देतो आणि तिथंच थांबतो.

मग शाळेतच एक दुरुस्तीघर का असू नये? अशी घरं जगात आहेत. लॉस एंजेलिसमध्ये २००२ साली काही मंडळींनी एका फ्लॅटच्या रिकाम्या स्वयंपाकघरात हत्यारं मांडली. ‘बायसिकल किचन’ हे नाव त्यावरूनच पडलं. व्हिएन्नात १९८१ मध्ये लोकांनी एक जुना रेल्वे इंजिनांचा कारखाना ताब्यात घेऊन सांस्कृतिक केंद्र केलं, त्यातही आपली सायकल आपणच दुरुस्त करायची कार्यशाळा चालते. हत्यारं सगळ्यांची, हात ज्याचे त्याचे, ही रीत घ्यावी तेवढी थोडीच. त्यांची सामानाची यादी मात्र आपल्या कामाची नाही, कारण त्यांच्या सायकली वेगळ्या.

यादी आपल्या सायकलींवरून करायची. त्याच शाळेत आम्ही असं दुरुस्तीघर सुरू केलं. तिथं दोन जातींच्या सायकली होत्या. अठ्ठावीस इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची साधी लेडीज सायकल आणि जिला सगळे सरसकट ‘रेंजर’ म्हणतात ती जाड टायरची, वायर-ब्रेकची. पहिलीला साधे पाने आणि हातोडी लागते, दुसरीला चार, पाच, सहा मिलिमीटरच्या ॲलन-की. दोघींना मिळून आम्ही घेतलं ते असं: पायानं मारायचा पंप, तीन टायर लिव्हर, आठपासून सतरापर्यंतचे दुतोंडी पाने, हबचे कोन धरायला पातळ तोंडाचे पाने, तारांच्या निपलचा पाना, चेन कटर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि पंक्चर शोधायला घमेलं. सायकल टांगायचं स्टॅण्ड घेतलं नाही. शेडच्या आढ्याला दोर बांधून दोन फास केले, एक हँडलला, एक सीटला. चाकाचा आऊट काढायचं स्टॅण्डही नाही. चाक फोर्कातच ठेवायचं, रिमला लागेल-न लागेल असा खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथं खडूची रेघ उठली तिथं चाक बाहेर आलेलं. खडू शाळेत मुबलक. पहिल्या वर्षाचं किरकोळ सामान धरून सगळा खर्च एका सायकलीच्या अनुदानात, म्हणजे ५,००० रुपयांत बसला.

शिकवायला तालुक्याचे एक वयस्कर मेकॅनिक दर शनिवारी यायला लागले. मुली त्यांना चाचा म्हणायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी कॉटर हातात घेतलं. पॅडलचा दांडा ॲक्सलला धरून ठेवणारी ही बोटाएवढी पोलादी खीळ, एका बाजूनं तिरपी घासलेली. ती बाजू ॲक्सलच्या खाचेवर घट्ट बसली पाहिजे. नट फक्त ती मागं सरकू देत नाही. खरी पकड हातोडीच्या ठोक्याची. एका मुलीनं हातोडी उगारली तसे चाचा म्हणाले, “थांब पोरी. आधी खाली टेकू दे, मग मार.” आणि दांड्याखाली लोखंडी पाइपाचा तुकडा उभा केला, बरोबर मापानं कापलेला. टेकू नसेल तर ठोका आतल्या छर्‍यांवर जातो, छर्रे कटोरीत खड्डे पाडतात आणि सायकल कायमची कुरकुरते. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट बाजूंनी घालायची, नाहीतर दोन्ही दांडे एका रेषेत येत नाहीत. सैल कॉटरवर महिनाभर सायकल चालवली की ॲक्सलची खाचच झिजते, मग नवं कॉटरही धरत नाही. तो पाइपाचा तुकडा भंगारातला, फुकटचा. माझ्या मते कार्यशाळेतलं सर्वांत मोलाचं हत्यार तेच.

गळून पडलेल्या डाव्या पॅडलचं कारणही त्याच दिवशी कळलं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. कुणीतरी उजवं पॅडल तिथं जोर लावून पिळलं होतं.

हत्यारं एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकतात; कार्यशाळा बंद पडते ती सामान संपल्यामुळं. म्हणून सुट्या भागांचा हिशेब आधी करायला हवा. छर्‍यांचंच बघा. मागच्या हबमध्ये पाव इंची, दोन सुती छर्रे एका बाजूला नऊ, म्हणजे अठरा. पॅडलच्या ॲक्सलला त्याच मापाचे अकरा-अकरा, म्हणजे बावीस. एका सायकलीच्या ओव्हरहॉलिंगला (आपण सगळे ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणत आलो) असे चाळीस छर्रे लागतात. १४४ छर्‍यांच्या ग्रोसमध्ये तीन सायकली होतात आणि चोवीस उरतात. पुढच्या हबला दीड सुती, ते वेगळे वीस. जुन्यात नवे छर्रे मिसळायचे नाहीत. जुने झिजलेले असतात, सगळा भार नव्यांवर येतो आणि तेच फुटतात. नव्या सायकलींत पुष्कळदा जाळीतले छर्रे येतात. तेव्हा जुनी जाळी बरोबर घेऊनच दुकानात जावं. तारांचंही तसंच. साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, लांबी वेगवेगळी. जुनी तार हातात नसली की हमखास चुकीची येते.

पंक्चरचं सोल्यूशन आम्ही पहिल्यांदा मोठ्या डब्यात आणलं, ते चुकलं. झाकण नीट न लागल्यानं अर्धा डबा महिन्याभरात वाळून गेला. आता छोट्या ट्यूब आणतो. सोल्यूशन लावून ते हाताला कोरडं लागेपर्यंत थांबायचं, मग थिगळ दाबायचं, ही गोष्ट मुलींना सगळ्यात जड गेली. घंटा होत आलेली असते, ओल्यावरच चिकटवतात आणि संध्याकाळी घरी जाताना चाक बसतं. चेन झिजली का ते कंपासपेटीतली फूटपट्टी सांगते. नव्या चेनची एक पिन शून्यावर धरली की बारा इंचांवर बरोबर दुसरी पिन येते. ती अर्धं सूत पुढं गेली तर चेन बदलायची. एक सूत गेली तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात आणि खर्च वाढतो.

योजनेच्या ५,००० रुपयांबरोबर शाळेला दरवर्षी दर सायकलीमागं थोडी रक्कम सुट्या भागांसाठी मिळायला हवी, ही माझी ठाम मागणी आहे. एका कार्यालयात मी हे मांडलं तेव्हा ‘तसं शीर्षच नाही’ असं उत्तर मिळालं. खडू-फळ्याला शीर्ष असतं, मग वॉलट्यूबला का नसावं? शाळेत पोचवणारी वस्तूही शिक्षणाचंच साहित्य आहे.

तोवर मुलींनी आपली व्यवस्था केली आहे. पंक्चरला ठरावीक पैसे डब्यात टाकायचे, बाहेरच्यांना दर थोडा जास्त. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली आहे, शाळा सुटताना एखादी आकृती रिकामी दिसली की चावी फिरत नाही. अकरापैकी दहा सायकली पहिल्या दोन महिन्यांत रस्त्यावर आल्या. उलट्या आट्यांचीला दांडाच नवा लागला, ती दिवाळीनंतर सुरू झाली.

दिवाळीच्या सुमाराला इथं खरी धांदल असते. पावसात माळावर पसरलेले सराटे तोवर वाळून कडक होतात आणि रस्त्याच्या कडेनं आलेल्या प्रत्येक टायरमध्ये घुसतात. गेल्या वर्षी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी घमेल्याभोवती सात सायकली होत्या. दहावीतली एक मुलगी ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे मोजत होती, “ताई, पाच हायेत,” म्हणाली. दुसरी टायरच्या आतून जुन्या ओढणीचा तुकडा फिरवत होती, काटा राहिला असेल तिथं कापड अडकतं म्हणून. तिसरी भिंतीला टेकून पुढच्या सत्राची यादी लिहीत होती. सोल्यूशन बारा ट्यूब, छर्रे पाव इंची दोन ग्रोस, कॉटर दहा, ब्रेक रबर वीस. सगळ्यात वर तिनं लिहिलं होतं: वॉलट्यूब, दोन मीटर.