पावरीचा श्वास, की-बोर्डची पट्टी

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. लगीनसराईत या भागातले बँडही असेच दोन्हीकडचे असतात. आजची सुपारी नवापूर तालुक्यातली, तर उद्याची सोनगड-व्याऱ्याकडची. गाडीवर रचलेले स्पीकर, जनरेटर, मिक्सर, एक-दोन की-बोर्ड, ऑक्टोपॅड, माइक. गाडी माणसाच्या चालीने सरकत राहते आणि अख्खं गाव तिच्यापुढे नाचतं. नाच ऐन रंगात आला की स्पीकरमधून पावरी वाजू लागते. पावरी वाजवणारा मात्र गाडीवर कुठेच नसतो. तो आवाज की-बोर्डच्या पट्ट्यांतून येतो.

तो पट्ट्यांवर कसा चढवतात, हे मला जवळून पाहायचं होतं. नवापूर तालुक्यातल्या एका बँडने मला त्यांच्या तालमीच्या खोलीत बसू दिलं. तिथे जे पाहिलं-ऐकलं त्यावरून एक गोष्ट मला पक्की पटली. गावच्या संगीताचं बाहेरच्या वाद्याशी जमतं, पण त्यासाठी वाकायचं असतं ते बाहेरच्या वाद्याने.

पावरी म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, आवाज देणाऱ्या पात्या, पुढे शिंग आणि सगळे सांधे बुजवणारं मेण. मोरपिसांनी ती सजवतात. साक्री-नवापूर पट्ट्यातल्या कोकणा आदिवासींच्या वस्त्यांत मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसतो, तेव्हा ती रात्र रात्र वाजते. मी पाहिलेल्या पावरीत दोन नळ्या होत्या आणि दोन्ही एकदमच बोलत होत्या. वाजवणारा फुंक तोडत नाही. गालात हवा साठवायची, ती दाबत राहायची आणि तेवढ्यात नाकाने नवा श्वास घ्यायचा. त्यामुळे सुरात खंड पडत नाही. नाचणाऱ्यांनाही थांबायला जागा मिळत नाही.

बँडवाल्यांच्या भाषेत या कामाला ‘टोन बनवणं’ म्हणतात. खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करायचा, लॅपटॉपवर त्याचे तुकडे करायचे आणि ते की-बोर्डच्या पट्ट्यांना वाटून द्यायचे. रोलँडच्या ज्या की-बोर्डवर हे चाललं होतं, त्याला पेन ड्राइव्हवरून असे टोन भरता येतात. पावरीचे तयार टोन विकतही मिळतात. या बँडला मात्र आपल्याच भागातली पावरी हवी होती, म्हणून शेजारच्या पाड्यावरचे एक वयस्क पावरीवाले बोलावले होते. सगळे त्यांना बाबा म्हणत.

माइक आधी शिंगाच्या तोंडाशी लावला, तर नुसता भणभणाट आला. वीतभर बाजूला घेतल्यावर नळीवरच्या बोटांची बारीक फटफटही ऐकू येऊ लागली. की-बोर्डवाला पोरगा खूश झाला. म्हणाला, “बाबा, आता एकच सूर धरा. बोटं हलवू नका.”

“असं कोण वाजवतं?” बाबांनी विचारलं. तरी त्यांनी सूर धरला, पण बोटं थोड्याच वेळात आपोआप चालू लागली. त्यांच्या हातात चाल होती. चालीतून सुटा काढलेला सूर त्यांनी कधी वाजवलाच नव्हता. शेवटी पोराने माघार घेतली. बाबांना मन मानेल तसं वाजवू दिलं आणि चालीत जिथे एखादा सूर लांबला होता तिथून तुकडे उचलले.

खरी कसोटी पुढेच होती. पट्टी दाबून धरली की आवाज चालू राहिला पाहिजे, म्हणून तुकड्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडतात. याला लूप म्हणतात. बासरीचा सपाट सूर असा सहज जोडला जातो. पावरीचा सूर मात्र गालाच्या दाबासरशी फुगतो आणि ओसरतो. जोड भलत्या ठिकाणी बसला की प्रत्येक फेरीला उचकी लागल्यासारखा आवाज येतो. पोरगा पडद्यावरची लाट मोठी करून बघत होता. कानाला हेडफोन लावून दाब सारखा असलेल्या दोन जागा शोधत होता. उचकी गेल्यावर त्याने टोन बाबांना ऐकवला. बाबांनी मान हलवली. “श्वास आहे. पण सूर माझा नाही.”

ते खरंच होतं. की-बोर्डचे बारा स्वर सारख्या अंतरावर ठोकलेले असतात. एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत १०० सेंट. बाबांचा गंधार कोमल आणि शुद्ध या दोन्ही पट्ट्यांच्या मधे पडत होता. लॅपटॉपने तो जवळच्या पट्टीवर ओढून बसवला आणि तिथेच चालीचा स्वभाव बदलला. मग पोराने की-बोर्डमधली स्केल ट्यूनची सोय उघडली. तीत प्रत्येक स्वर हवा तेवढा चढवता-उतरवता येतो. बाबा वाजवत होते, तो आकडा फिरवत होता आणि दोन्ही गंधार एकमेकांत मिसळले तेव्हा दोघांनीही एकदमच वर पाहिलं.

आता दुसऱ्या की-बोर्डची अडचण झाली. तो सरळ मेजर कॉर्ड धरत होता. त्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि तो बाबांच्या गंधाराला टोचत होता. उपाय साधा निघाला. कॉर्डमधून गंधार काढून टाकायचा, फक्त षड्ज-पंचम ठेवायचे आणि कॉर्ड वारंवार बदलायची नाही. ढोलाचंही तसंच झालं. की-बोर्डमधला तयार ठेका घड्याळाबरहुकूम पडत होता. ढोलवाल्याची थाप पायाची वाट पाहून किंचित मागे पडत होती. ठेका बंद करून ऑक्टोपॅडवर ढोल हाताने वाजवायचं ठरलं.

हे सगळं पाहताना मला ग्रीसच्या वायव्येकडच्या एपिरस या डोंगराळ भागाची आठवण येत होती. तिथे क्लॅरिनेट हे वाद्य बाहेरून आलं आणि १९ व्या शतकात गावोगाव रुजलं. आज लग्नात आणि जत्रेत त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण ते पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्यासारखं वाजत नाही. तिथल्या पाच स्वरांच्या चालींसाठी आणि मेलेल्या माणसासाठी गायच्या विलापगीतांसाठी वादकांनी त्याला स्वरावरून स्वरावर घसरायला, हुंदका द्यायला शिकवलं. नवापूरचा की-बोर्ड आज त्याच वाटेवर उभा आहे.

बाहेरच्या वाद्यासारखंच बाहेरच्या संगीताशीही असं जमतं. ग्रीक लोकसंगीत आणि जॅझ यांचा मेळ त्यातलाच, आणि तो मराठी कानाला वाटतो तितका परका नाही. ग्रीकांचं कलामात्यानोस हे नृत्य सात मात्रांचं आहे आणि त्यांची विभागणी तीन-दोन-दोन आहे. म्हणजे आपल्या रूपक तालाचेच खंड. फक्त चाल पायांची. कार्सिलामास हे नऊ मात्रांचं, दोन-दोन-दोन-तीन असं. हीच विभागणी अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांनी १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकली आणि १९५९ मध्ये तिच्यावरून ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ रचलं. त्याच वर्षी आलेल्या माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने जॅझमधली कॉर्डची गर्दी कमी केली. एकाच स्वरसमूहात मोकळेपणाने फिरायची वाट त्याने रुंद केली. लोकसंगीताला जॅझमध्ये श्वास घ्यायला मिळतो तो या वाटेवर, कारण मुळात कॉर्डवर न बांधलेली चाल कॉर्डच्या शर्यतीत गुदमरते.

जून २०१० मध्ये अथेन्सच्या हेरोडस अ‍ॅटिकस या प्राचीन खुल्या नाट्यगृहात सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड आणि गायिका मारिया फारान्दुरी यांची मैफल झाली. तिचं ध्वनिमुद्रण ‘अथेन्स कॉन्सर्ट’ या नावाने पुढच्या वर्षी आलं. त्यात ग्रीक पारंपरिक गाण्यांची एक मालिका आहे. सोक्रातिस सिनोपुलोस यांची लिरा, म्हणजे गजाने वाजवायचं छोटं तंतुवाद्य, जॅझच्या चमूत बसलेली आहे. ते ऐकताना मला सर्वांत मोलाचं वाटतं ते लिरा स्वतः हजर असणं. तिचा आवाज साठवून दुसऱ्या कुणी वाजवलेला नाही. ती ऐकते, उत्तर देते आणि तिच्यासाठी बाकीचे जागा सोडतात.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट १९५१ च्या ‘अलबेला’त एकत्र आले. जॅझ बँडचा झोक आणि आपली चाल एकाच गाण्यात नांदू शकतात, हे त्यांनी सबंध देशाला दाखवलं. तेही शक्य झालं ते दोन्हीकडचे वादक एका खोलीत बसल्यामुळेच.

नवापूरच्या खोलीत टोन तयार झाला. मग पोराने तो बाजूला ठेवला आणि बाबांना म्हणाला, “आता तुम्ही वाजवा, मी मागून येतो.” ऑक्टोपॅडवर ढोल चालू झाला, दुसऱ्या की-बोर्डने षड्ज-पंचम धरले. बाबांनी चाल मांडली. ती पुन्हा आली तेव्हा पोराने तिचं शेवटचं टोक उचललं, उलटं फिरवलं, एका साध्या इलेक्ट्रिक पियानोच्या आवाजात तिला दोन स्वर जास्तीचे जोडले आणि सोडून दिली. बाबांनी ते ऐकलं आणि पुढच्या फेरीत आपली चाल लांबवली. ठेका तोच आणि आधारस्वर तोच, पण आतलं वाजवणं दर फेरीला नवं होत होतं. या पोराने जॅझ हे नाव ऐकलंय की नाही, मी विचारलं नाही. तो करत होता ते मात्र जॅझचं खरं काम होतं: दुसऱ्याचं ऐकून जागच्या जागी उत्तर देणं.

म्हणूनच टोनवर थांबायला माझं मन तयार होत नाही. टोनमध्ये बाबांचा त्या दिवसाचा श्वास आहे. समोरच्याला उत्तर देणं त्यात नाही. टोन स्वस्त पडतो, गाडीवर जागा अडवत नाही आणि रात्री उशिरा दमत नाही, हे सगळं मला समजतं. पण गावोगावचे पावरीवाले घरी बसले तर पुढचा टोन कुणाच्या श्वासातून बनवणार? भोपळा निवडणं, पाती कापणं, मेण लावणं हे हात एकदा गेले की कुठल्याही पेन ड्राइव्हवर सापडणार नाहीत.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा नंदुरबार जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथे दर दहांतले सुमारे सात लोक आदिवासी आहेत. या जिल्ह्यातल्या बँडनी सुपारी ठरवतानाच पावरीवाल्याचा वाटा धरावा, तो की-बोर्डवाल्याइतका असावा. ज्याच्या वाद्यावरून टोन बनला त्याचं नाव टोनबरोबर फिरावं. आणि हळदीच्या रात्री निदान काही वेळ खरी पावरी माइकवर यावी. या बँडने हळदीपुरतं हे मान्य केलं आहे: बाबा गाडीवर बसतील, वाटाही बरोबरीचा. इतर बँडनीही हे करावं, कारण यातून संगीत वाचेल एवढंच नाही, त्यांचं वाजवणं सुधारेल.