४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची साक्ष

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव या संख्येस गणिताच्या इतिहासात विशेष स्थान आहे. ते केवळ तिच्या मोठेपणामुळे नव्हे. उदाहरणांवरून बांधलेले अनुमान आणि सिद्धता यांतील अंतर तिने स्पष्टपणे दाखवून दिले आहे.

२ चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळविल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या होत. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास येणारी प्रत्येक संख्या मूळच असेल, असे मत पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये व्यक्त केले. मात्र त्याची सिद्धता आपणापाशी नाही, हेही त्याने मान्य केले होते.

मालिकेतील सहावी संख्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, हीच प्रस्तुत संख्या होय. तिचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक आहे. त्याच्या आतील मूळ संख्या ६,५४२ असल्याने एकेकीने भागून पाहणे अत्यंत कष्टाचे होते. तथापि १७३२ मध्ये लेओनहार्ट ऑयलर याने दाखविले की, ६४१ ने तिला निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो.

६४१ कसा गवसू शकतो, याची उपपत्ती ऑयलरने पुढे मांडली. एखादी मूळ संख्या प्रस्तुत संख्येचा विभाजक असेल, तर तिने २ च्या ३२ व्या घातास भागल्यास १ बाकी उरत नाही. ६४ व्या घातास भागल्यास मात्र उरते. दुसरीकडे, कोणत्याही विषम मूळ संख्येने, तिच्याहून एकाने कमी घातांक असलेल्या २ च्या घातास भागल्यास १ बाकी उरते. या दोहोंवरून असा विभाजक ६४ च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, असे निष्पन्न होते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या होत. पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते!

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. वरील दुसरे तत्त्व हे स्वतः फर्माचेच प्रमेय असून तेही १६४० मधलेच आहे. आपल्या मताचे खंडन करणारे साधन त्याच्या हाताशी होते. त्याने ते येथवर नेले नाही, एवढेच.

या मालिकेत ६५,५३७ नंतर एकही मूळ संख्या आजवर आढळलेली नाही. पुढील २८ संख्या संयुक्त ठरल्या आहेत. तेव्हा यापुढे एकही मूळ संख्या नसेल, असे म्हणण्याचा मोह आता होतो. परंतु अठ्ठावीस उदाहरणे ही देखील उदाहरणेच होत. पाचांवर विसंबण्याचे फळ काय झाले, हे वरील संख्येने सांगितलेच आहे.