दीर्घकाळ उभी असलेली टर्बो मोटार : विश्वासू कारखान्याची पारख

हौसेने घेतलेली वेगवान मोटार मालकाची बदली, आजारपण किंवा निधन यांमुळे वर्षानुवर्षे उभी राहिल्याची उदाहरणे अनेक घरांत आढळतात. २००४ मध्ये भारतात विक्रीस आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही पेट्रोलवर चालणारी टर्बो मोटार आता वीस वर्षांहून जुनी झाली आहे. अशी मोटार पुन्हा रस्त्यावर आणावयाची तर सुट्या भागांहूनही बिकट प्रश्न असतो तो विश्वासू कारखान्याचा. भोपाळसारख्या शहरात दुरुस्तीचे कारखाने पुष्कळ आहेत; तथापि टर्बोचे काम त्यांतील सर्वांनाच अवगत असते असे नाही.

टर्बो नाजूक का?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर टर्बोमधील एक चाक फिरते आणि त्याच आसावरील दुसरे चाक हवा दाबून सिलिंडरांत भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. हा आस मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. मोटार दीर्घकाळ उभी राहिली की हे तेल निथळून जाते. पावसाळ्यातील दमट हवेने गंज चढतो, रबरी नळ्यांना तडे जातात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते व टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. अशा स्थितीत इंजिन एकदम सुरू केल्यास टर्बोचे बेअरिंग अल्पावधीत निकामी होण्याचा संभव असतो.

कारागिराची कसोटी

म्हणून पहिली कसोटी अशी की, मोटार पाहताच बॅटरी जोडून किल्ली फिरविणाऱ्याच्या हाती ती सोपवू नये. जाणता कारागीर प्रथम मोटार केव्हापासून व कोठे उभी आहे याची चौकशी करतो. तो जुने पेट्रोल व तेल काढून टाकतो, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरते का ते पाहतो, टायमिंग बेल्ट बदलतो आणि टर्बोपर्यंत तेल पोहोचल्याची खात्री करूनच इंजिन सुरू करतो. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, ब्रेकचे तेल व टायरांचे वय हेही तो तपासतो; कारण वेगवान मोटारीचे ब्रेक निकामी असणे हा जिवाशीच खेळ होय.

१९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या भेलच्या, शेजारी गोविंदपुरा औद्योगिक वसाहत आहे. तेथे यंत्रकाम करणारे अनेक लघुउद्योग आहेत. तथापि टर्बोचा फिरता भाग दुरुस्तीनंतर खास यंत्रावर समतोल करून घ्यावा लागतो. हे काम आपण बाहेर कोठे पाठवितो ते मोकळेपणाने सांगणारा कारखानदार, सर्व काही येथेच होईल असे सांगून वेळ मारून नेणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.

व्यवहारातील दक्षता

१. कारखान्याच्या दोन जुन्या ग्राहकांना भेटून त्यांचा अनुभव विचारावा. आवारात अर्धवट सोडलेली वाहने किती आहेत, तेही पाहावे.

२. सर्व कामाचा ठेका एकदम न देता प्रथम केवळ तपासणी करून घ्यावी. खर्चाचा अंदाज लेखी व टप्प्याटप्प्याने घ्यावा.

३. मोटार सोपविताना तिची छायाचित्रे काढावीत. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि प्रत्येक रकमेचे रीतसर बिल घ्यावे.

४. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपलेली मोटार स्वतः चालवीत न नेता दुसऱ्या वाहनावर चढवून कारखान्यात न्यावी. विमा व प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र घेतल्यावाचून ती रस्त्यावर आणू नये.

सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. अशा वेळी लेखी अंदाज व बिल हाच ग्राहकाचा खरा आधार ठरतो.

वर्षातील बहुतेक महिने उभ्या राहणाऱ्या टर्बो ट्रॅक्टरास व कापणीयंत्रासही हीच पारख लागू पडते. कोणत्या कारखान्यात खर्च कमी, हे विचारण्यापूर्वी कोणता कारागीर घाई करीत नाही, हे पाहावे. त्यातच मालकाचे व यंत्राचे हित आहे.