आठव्या वर्षी हरलं की मूल कणखर होतं?

रविवारी सकाळी कुठल्याही मैदानाच्या कडेला उभे राहा, हे ऐकू येणारच: 'हारजीत लहानपणीच कळायला हवी, नाहीतर पोरं मऊ होतात.' बोलणाऱ्या बाबांचे आठ वर्षांचे चिरंजीव नुकतेच शून्यावर बाद होऊन आलेले असतात. मग चार लोकांसमोर त्यांना 'कणखर' करण्याचं काम सुरू होतं.

नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याहूनही कमी. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी लेखी नियम केले आहेत. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, तेराच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, आणि बक्षीस द्यायचंच तर सगळ्यांना. आपल्याकडे असं कुणी सुचवलं तर लोक हसतील. अशा वातावरणात वाढलेल्या 'मऊ' पोरांनी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. तोवर एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये कुठल्याच देशाला इतकी मिळाली नव्हती. तिथे बर्फ आहे, पैसा आहे, सोयी आहेत, हे मान्य. पदकं या नियमांमुळे आली असं म्हणणं नाहीच. पण गुणतक्ता नसला की मुलं ढिली पडतात, हा दावा मात्र टिकत नाही. आणि ती मुलं हरत नाहीत असंही नाही. सामने होतात, कोण जिंकलं ते पोरांना बरोबर ठाऊक असतं. फक्त मोठी माणसं त्याचा फलक लावत नाहीत.

कणखरपणा येतो तो हरूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा सरावाला येण्यातून. तेराव्या वर्षी बॅट माळ्यावर टाकणारा मुलगा काय शिकला, ते बाबांनीच सांगावं.

'लवकर एकच खेळ धरला नाही तर संधी जाते', हे याच समजुतीचं भावंड. जर्मन संशोधक आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र तपासली. जागतिक दर्जाला पोचलेले खेळाडू लहानपणी जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही हळू होती. कुमार गटात चमकणाऱ्यांचं नेमकं उलट. बीडचा धावपटू अविनाश साबळे तर लष्करात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळला आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण घेऊन आला.

'पण सचिन?' सचिन एकच झाला, आणि लहानपणी तो टेनिसही खेळायचा.

'सुट्टी घेतली की मागे पडतो.' अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना आठवड्यातून किमान एक-दोन दिवस त्यांच्या खेळापासून पूर्ण विश्रांती द्यायला सांगते.

'वय थोडं कमी लावलं तर काय बिघडतं?' बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासते. तिथे जन्मदाखला कामाला येत नाही.